रेंगाळलेला ताप

१८८५ चा मार्च महिना. कल्याणात जन्मलेली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होती आणि महिनाअखेरीस तिला वीस वर्षे पूर्ण होणार होती. त्याच शहरात, पण जिथे बायकांना प्रवेश नव्हता अशा पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात, आदल्या वर्षीच मॉन्ट्रियलहून आलेला पस्तिशीचा एक प्राध्यापक होता. त्याचे नाव विल्यम ऑस्लर. त्या मार्चमध्ये तो लंडनला गेला होता. तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये त्याला गुलस्टोनियन व्याख्याने द्यायची होती, आणि विषय त्याने निवडला होता हृदयाच्या झडपेवर जंतू बसून होणाऱ्या आजाराचा. आज डॉक्टर त्याला इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस म्हणतात.

आनंदीबाईला गाठले ते क्षयाने. ११ मार्च १८८६ ला ती डॉक्टर झाली आणि वर्ष उलटायच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात गेली. ऑस्लर ज्या रोगावर बोलत होता तो तिचा रोग नव्हे. पण दोन्ही रोगांचा सुरुवातीचा चेहरा विलक्षण सारखा असतो. संध्याकाळी कणकण, रात्री घामाने अंथरूण ओले, अन्नावरची वासना उडालेली, अंगावरचे कपडे सैल होत चाललेले. कल्याण, शहाड, आंबिवली, टिटवाळा या पट्ट्यात असा रेंगाळणारा ताप आजही आधी मलेरियाच्या, मग टायफॉइडच्या आणि शेवटी टीबीच्या खात्यावर मांडला जातो. बहुतेक वेळा तो हिशेब बरोबरही असतो. ज्या थोड्या वेळा चुकतो, त्यांतलाच एक हा आजार आहे.

हा रोग ओळखायला माणसाला फार वेळ लागला. १६४६ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिएच्या लाझार रिव्हिएरने धडधड आणि अनियमित नाडी असलेल्या एका रोग्याचे मरणोत्तर हृदय उघडले, तेव्हा महारोहिणीच्या तोंडाशी गाठींचा घोस त्याला दिसला. हा घोस कशाचा, हे सांगायला पुढची दोन शतके पुरली नाहीत. नेपोलियनचा वैद्य कॉर्व्हिझार याला झडपेवरच्या त्या वाढी गुप्तरोगाच्या वाटल्या. १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लेनेकला ते पटले नाही. १८३५ च्या सुमारास बुइयोने हृदयाच्या आतल्या अस्तराचा दाह असे म्हणून आजाराला आजचे नाव दिले. १८६९ नंतर नॉर्वेच्या विंग आणि हायबर्ग यांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्या वाढींत जंतू पाहिले. मग कोडे उलगडले. आधीच खरखरीत झालेल्या झडपेवर रक्तातून वाहत आलेले जंतू चिकटतात, त्यांच्याभोवती रक्ताच्या गुठळीचे जाळे जमते आणि त्या जाळ्याच्या आडोशाला ते वाढत राहतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना तिथवर धड पोचता येत नाही. त्या वाढीचा तुकडा सुटला की रक्ताबरोबर जातो आणि जिथे अडकेल तिथला अवयव निकामी करतो. मेंदूत अडकला तर अर्धांग, मूत्रपिंडात अडकला तर लघवीत रक्त, प्लीहेत अडकला तर डाव्या बरगडीखाली कळ.

म्हणजे १८८५ पर्यंत शवविच्छेदनाच्या टेबलावर हा रोग पुरता ओळखीचा झाला होता. अडचण होती जिवंत माणसात तो ओळखण्याची. ऑस्लर स्वतः शवविच्छेदनांत मुरलेला माणूस. रुग्णशय्येशी बांधलेला आपला अंदाज मरणोत्तर तपासणीत कसा कोसळतो, हे त्याने अनेकदा पाहिले होते. लंडनच्या श्रोत्यांना त्याने आडपडदा न ठेवता सांगितले की हा आजार वेश बदलून येतो. कधी तो पू झाल्यासारखा थंडी वाजून येतो, कधी हुबेहूब टायफॉइडसारखा, कधी मेंदूच्या आजारासारखा. आणि आधीच झडप बिघडलेल्या माणसात नुसता हृदयाचा जुना त्रास वाढल्यासारखा. मला या व्याख्यानांतले हेच सगळ्यात मोलाचे वाटते. नावाजलेला वैद्य मोठ्या सभेत उभा राहून आपल्याला कुठे चकवा बसतो त्याची यादी देतो, हे दृश्य आपल्याकडच्या परिषदांत फारसे दिसत नाही.

पुढची चोवीस वर्षे ऑस्लरने या रोगाचा पिच्छा सोडला नाही. १९०९ मध्ये ऑक्सफर्डला असताना त्याने दहा रुग्णांची हकिगत लिहिली. महिनोन्महिने चालणाऱ्या प्रकाराची ही हकिगत होती, आणि तिच्यात एक छोटीशी खूण नोंदवलेली होती. बोटांच्या पेरांवर, नखापलीकडच्या मऊ भागात, अचानक एक लालसर, किंचित उचललेली गाठ येते. मधोमध ती कधी पांढुरकी दिसते. मुख्य म्हणजे ती दुखते. दाबायचीही गरज नसते, ताट उचलताना, बटण लावताना रोगी स्वतःच ओरडतो. दोन-चार दिवसांत ती निघूनही जाते. तिच्याकडे आपले लक्ष वेधणाऱ्या कॅनडातल्या डॉ. मुलेन यांना ऑस्लरने श्रेय दिले, पण जगाने त्या गाठींना ऑस्लरचेच नाव चिकटवले. न्यूयॉर्कच्या जेनवेने त्याआधी, १८९९ मध्ये, तळहातावर आणि तळपायावर न दुखणारे तांबूस डाग पाहिले होते. रॉथ या स्विस वैद्याने १८७२ मध्येच डोळ्याच्या पडद्यावरचे रक्तस्राव टिपले होते. खुणा आणखीही होत्या: नखाखाली लाकडाची कुसळे रुतावीत तशा तांबड्या-काळ्या उभ्या रेघा, पापणीच्या आतल्या बाजूला लाल ठिपके, बोटांची टोके फुगीर होणे, वाढलेली प्लीहा, आणि कानाला लागणारी हृदयाची ती कुरकुर, जिला वॉर्डात सगळे मर्मर म्हणतात.

ही सगळी लक्षणे एकाच रोग्यात क्वचितच सापडतात. आणि आज तर ऑस्लरच्या गाठी शिकाऊ डॉक्टरांना पुस्तकातल्या चित्रातच जास्त भेटतात, कारण आजार महिनोन्महिने मोकाट वाढू देण्याचे दिवस बऱ्याच अंशी संपले. पण त्या खुणा शोधायला लागणाऱ्या गोष्टी होत्या तीनच: उजेड, स्वच्छ हात आणि पाच मिनिटे. पहिल्या दोन आंबिवलीच्या दवाखान्यातही असतात. तिसऱ्या गोष्टीची मात्र टंचाई आहे.

ऑस्लरच्या हकिगतीच्याच वर्षी लंडनच्या टॉमस हॉर्डरने दीडशे रुग्णांचा लेखाजोखा मांडला, आणि १९१० मध्ये जर्मनीच्या शॉटम्युलरने या रेंगाळणाऱ्या प्रकाराचा मुख्य गुन्हेगार पकडला: तोंडात, दातांच्या मुळाशी एरवी निरुपद्रवी राहणारा हिरव्या छटेचा स्ट्रेप्टोकोकस. आता रोग्याचे रक्त काढून, जंतू वाढवून, जिवंतपणीच निदान करता येऊ लागले. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इस्पितळातला इमॅन्युएल लिबमन यात सगळ्यांच्या पुढे होता.

याच लिबमनला १९११ च्या फेब्रुवारीत गुस्ताव मालरसाठी बोलावणे आले. मालर हा व्हिएन्नाचा थोर संगीतकार, तेव्हा न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदाचा संचालक. त्याच्या झडपेत दोष आहे हे १९०७ पासून ठाऊक होते. डिसेंबरपासून घसा धरलेला, ताप येऊन-जाऊन. २१ फेब्रुवारीला ताप अंगात असतानाच त्याने कार्नेगी हॉलमध्ये शेवटचा कार्यक्रम केला. लिबमनने आपला तरुण सहकारी जॉर्ज बेअर याला रक्त काढायला पाठवले. चार-पाच दिवसांत काचेच्या ताटल्यांवर जंतूंच्या वसाहती उगवल्या. मालरने खरे काय ते सांगा असा आग्रह धरला आणि त्याला ते सांगण्यात आले. निदान अचूक होते. उपाय शून्य. त्याला व्हिएन्नाला परत नेले आणि १८ मे ला तो गेला.

अचूक निदान आणि रिकामे हात, हा काळ पुढे तीसेक वर्षे टिकला. त्यातली सगळ्यात अंगावर येणारी हकिगत बॉस्टनची आहे. हार्वर्डचा वैद्यकीय विद्यार्थी आल्फ्रेड राइनहार्ट याला लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला होता आणि त्यात झडप गेली होती. १९३१ मध्ये एका रात्री त्याने कोटाच्या डाव्या बाहीतून हात काढला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला पंधरा-वीस बारीक लालभडक ठिपके पाहिले. बोटाने दाबून पाहिले, ते मावळले नाहीत. त्वचेवरच्या साध्या लालीपासून रक्तस्राव वेगळा काढायची हीच रीत तो शिकला होता. आपल्याला काय झाले आहे आणि आपल्याकडे किती दिवस आहेत, हे त्याला त्या क्षणी समजले. डॉक्टरांना खात्री पटवायला मात्र त्याला आणखी खटपट करावी लागली. तो टिपणे लिहीत राहिला आणि त्याच वर्षी वारला. त्याचे शिक्षक सोमा वाइस यांनी १९४२ मध्ये ती टिपणे नुसत्या आद्याक्षरांनी प्रसिद्ध केली.

ती छापली गेली तेव्हा औषध दारात येऊन उभे होते. १६ ऑक्टोबर १९४० ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मार्टिन हेन्री डॉसनने याच आजाराच्या दोन रोग्यांना पेनिसिलिन टोचले होते. औषध त्याने आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत स्वतःच बुरशी वाढवून काढलेले, आणि इतके थोडे की त्याने आजार हटणे शक्यच नव्हते. पुढे युद्धामुळे पेनिसिलिनवर सरकारी वाटपाचे नियंत्रण आले आणि वाटप समितीने झडपेचा हा आजार यादीतून वगळला, कारण फायदा होईल अशी आशा नव्हती. ब्रुकलिनच्या लिओ लोवीने ते मानले नाही. फायझर कंपनीचा जॉन स्मिथ याच्याकडून त्याने औषध मिळवले आणि डोस सरकारी अंदाजापेक्षा कितीतरी वाढवला. १९४४ मध्ये त्याने लागोपाठ सात रुग्ण बरे केल्याचे छापले. ज्या रोगात हमखास मृत्यू ठरलेला, त्यात सातपैकी सात. समितीला मत बदलावे लागले.

आपल्याकडे पेनिसिलिन मुबलक झाले ते पिंपरीमुळे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना मार्च १९५४ मध्ये झाली आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन निघू लागले. सरकारी मालकीचा देशातला हा पहिला औषध कारखाना. इकडे आंबिवलीला, मोहन्यात, १९४६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, म्हणजे एनआरसीचा, पसारा त्याच काळात वाढत होता. कामगार, त्यांची बिऱ्हाडे, शाळेत जाणारी पोरे. मुंबईभोवतीच्या अशा प्रत्येक कामगार वस्तीत एका खोलीत पाच-सात माणसे झोपत, आणि एका पोराचा घसा धरला की सगळ्यांचा धरे. घसा धरणे, मग सांधे सुजणे, मग हृदयाची झडप कायमची बिघडणे, ही साखळी गर्दीच्या घरांतच फोफावते. श्रीमंत देशांत घरे मोठी झाली तसा संधिवाताचा ताप मागे हटला. आपल्याकडे तो राहिला. म्हणून पाश्चात्त्य पुस्तकांत हा झडपेचा जंतुसंसर्ग म्हाताऱ्या माणसांचा, तर दिल्लीच्या एम्सने १९८१ ते १९९१ या दशकातल्या आपल्या रुग्णांचा हिशेब मांडला तेव्हा त्यांचे सरासरी वय पंचविशीच्या आसपास निघाले. आनंदीबाईच्या आणि राइनहार्टच्या वयाची ही माणसे.

पेनिसिलिनने दुहेरी काम केले. ज्या मुलाला संधिवाताचा ताप येऊन गेला त्याला दर एकवीस दिवसांनी बेंझाथीन पेनिसिलिनचे इंजेक्शन देत राहिले की झडप आणखी बिघडणे बहुतांशी टळते. परळच्या केईएमच्या बाह्यरुग्ण विभागात ‘एकवीस दिवसांचं इंजेक्शन’ एवढे म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. आणि झडपेवर जंतू बसलेच, तर शिरेतून चार ते सहा आठवडे प्रतिजैविके दिल्याने माणूस वाचू लागला. १९६० मध्ये कृत्रिम झडपा आल्या. १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या वॉलेसने संसर्ग चालू असतानाच सडलेली झडप काढून नवी बसवली. ६ डिसेंबर १९९० ला तिरुअनंतपुरमला डॉ. वलियाथन यांच्या संस्थेत घडवलेली भारतीय चित्रा झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली आणि झडपेची किंमत आवाक्यात आली. कृत्रिम झडपेवरही जंतू बसतात, आणि तो संसर्ग जास्त चिवट असतो, ही त्याची दुसरी बाजू.

पण पेनिसिलिनने आणि त्याच्या वंशजांनी आणखी एक गोष्ट केली, जिच्याकडे आपण काणाडोळा करतो. त्यांनी हा रोग झाकला. मालरच्या रक्तात जंतू चटकन सापडले, कारण त्याच्या पोटात एकही प्रतिजैविक गेलेले नव्हते. आज आंबिवली स्टेशनबाहेरच्या कुठल्याही मेडिकलमध्ये जाऊन ‘ताप आहे, काहीतरी द्या’ म्हटले तर तीन किंवा पाच दिवसांच्या गोळ्या हातात पडतात. गोळ्यांनी रक्तात फिरणारे जंतू मरतात, ताप उतरतो, माणूस कसारा लोकल पकडून कामावर जातो. झडपेवरच्या गुठळीत दडलेले जंतू मात्र तसेच राहतात. आठ-दहा दिवसांत ताप परत येतो. मग दुसऱ्या डॉक्टरचे दुसरे, जरा भारी औषध. दोन महिन्यांनी हा माणूस मोठ्या इस्पितळात पोचतो तेव्हा रक्तातून जंतू वाढत नाहीत, आणि कुठला जंतू ते न कळल्याने कुठले औषध नेमके द्यायचे तेही ठरत नाही. भारतातल्या इस्पितळांत या आजाराच्या रुग्णांचे ब्लड कल्चर इतक्या वेळा कोरे येते, त्याचे एक मोठे कारण हे आहे. त्यात आपली अंगावर काढायची सवय. घरातली बाई तर कणकण महिनाभर अंगावर काढते, आणि मग थेट श्वास लागला की रिक्षा बोलावली जाते.

ब्लड कल्चर म्हणजे काय, हे पाहिले तर त्याचे महत्त्व पटते. दंडाची कातडी जंतुनाशकाने नीट पुसतात, ती वाळू देतात, मग शिरेतून रक्त घेऊन पोषक द्रव भरलेल्या बाटल्यांत सोडतात. एकदा नव्हे, वेगवेगळ्या जागांवरून तीनदा, मध्ये थोडा वेळ सोडून. झडपेवर ठाण मांडलेले जंतू रक्तात सतत गळत असतात, म्हणून तिन्ही वेळच्या बाटल्यांत तोच जंतू आला तर तो कातडीवरचा भटका नव्हे हे सिद्ध होते. बाटल्या यंत्रात साधारण पाच दिवस ठेवतात. हे रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या थेंबाआधी घेतले तर ठीक.

दुसरा आधार १९७३ पासून मिळाला. ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याच्या तंत्रात झडपेवर हलणारी वाढ पहिल्यांदा दिसली ती त्या वर्षी. आज टू-डी एको कल्याण-डोंबिवलीत सहज होते. छातीवरून नीट दिसले नाही तर अन्ननलिकेत नळी घालून मागच्या बाजूने पाहतात, आणि कृत्रिम झडप असेल तर बहुधा तसेच पाहावे लागते. १९९४ मध्ये ड्यूकच्या ड्युरॅक आणि सहकाऱ्यांनी या साऱ्याची एक पद्धतशीर मांडणी केली. कल्चरमध्ये ठराविक जंतू येणे आणि एकोमध्ये वाढ दिसणे, ही दोन मुख्य प्रमाणे. ३८ अंशांवरचा ताप, आधीपासूनचा झडपेचा दोष, तुकडा सुटल्याच्या खुणा, ऑस्लरच्या गाठी किंवा रॉथचे डाग, ही दुय्यमांपैकी काही. दोन मुख्य, किंवा एक मुख्य आणि तीन दुय्यम, किंवा पाच दुय्यम जुळली की निदान पक्के. २००० आणि २०२३ मध्ये यात सुधारणा झाल्या, सीटी आणि पेट स्कॅनही आले. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या गाठी आणि डाग अजूनही यादीत आहेत.

दातांचा मुद्दा राहिला. १९३५ मध्ये लंडनच्या ओकेल आणि इलियट यांनी दात काढल्याबरोबर रोग्यांचे रक्त तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिकांच्या रक्तात स्ट्रेप्टोकोकस सापडला. त्यावरून १९५५ पासून झडपेच्या रुग्णांना दात काढण्याआधी पेनिसिलिन द्यायची शिफारस अमेरिकेत सुरू झाली. २००७ मध्ये ती आखडती घेतली गेली, कारण दात घासताना आणि चावतानाही जंतू रक्तात जातच असतात. आता ती मुख्यतः कृत्रिम झडप असलेल्यांना, हा आजार एकदा होऊन गेलेल्यांना आणि जन्मजात हृदयदोषाच्या काही प्रकारांना लागू आहे. रोज दोनदा दात घासणे, तंबाखू-मिश्री सोडणे आणि किडलेला दात वेळेवर दाखवणे याला मात्र पर्याय नाही.

एनआरसी २००९ मध्ये बंद पडली, मोहन्यातली कामगारांची पिढी पांगली. पण लहानपणी सांधे सुजून ताप आलेली, हृदयाला भोक असलेली, झडप बदललेली, डायलिसिसवर असलेली माणसे आजही प्रत्येक चाळीत, प्रत्येक इमारतीत आहेत. तुमच्या घरात असे कुणी असेल आणि ताप आठवड्याहून जास्त रेंगाळला, किंवा गोळ्यांनी उतरून पुन्हा चढला, तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात झडपेचे सांगा आणि जुना एको रिपोर्ट पुढे ठेवा. रात्रीचा घाम, घटलेले वजन, लागणारी धाप, बोटावरची दुखरी गाठ, नखातल्या रेघा, लघवीतला लाल रंग, यांतले जे असेल ते न विचारता सांगा. तोंड वाकडे झाले किंवा हात किंवा पाय लुळा पडला तर सकाळची वाट न बघता इस्पितळ गाठा. आणि एरवी, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी एवढे जरूर विचारा: ‘डॉक्टर, आधी ब्लड कल्चर घ्यायचं का?’